चावी कुणाकडे आहे?

(जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने तिवसा येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर बांधकाम खात्यातील एका निवृत्त अभियंत्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या पत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘सार्वजनिक स्थानांची सुगम्यता’ असे छापले आहे. नाव भारदस्त आहे. मी मात्र त्यातील एकाच स्थानाविषयी बोलणार आहे आणि ते स्थान म्हणजे संडास. हा शब्द व्यासपीठावरून उच्चारताना आपण अडखळतो. समोर माता-भगिनी बसल्या आहेत, तेव्हा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या जिल्ह्यात गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, त्या जिल्ह्यात तरी या विषयाची लाज वाटायला नको.

मला हा विषय कळला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आम्ही सारे तिला ताई म्हणतो. वयाच्या दुसऱ्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. कॅलिपर आणि कुबड्या यांच्या आधाराने ती शिकली, शिक्षिका झाली आणि तिने २८ वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकवली. पन्नाशीनंतर कुबड्यांचा भार खांद्यांना पेलेना, तेव्हा व्हीलचेअर आली.

माझ्या मुलीच्या लग्नात ताई सकाळी आठ वाजता मंडपात येऊन बसली. सौभाग्यवतीने तिच्यासाठी दोन-तीन वेळा सरबत पाठवले, ते तसेच परत आले. उन्हाळ्याचे दिवस. रात्री घरी पोहोचेपर्यंत तिला हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा संसर्ग असल्याचे सांगितले. पाणी का घेतले नाही, असे मी जरा रागानेच विचारले. ती शांतपणे म्हणाली, “पाणी पेलं का मंग जा लागते रे बापू. अन् जाऊ कुठी?”

ते मंगल कार्यालय मी स्वतः निवडले होते. अभियंत्याची नजर ना! मी वाहनतळ पाहिला, जनित्र पाहिले, स्वयंपाकघरातील पाण्याची टाकी पाहिली, पावसाळ्यात स्लॅब गळतो का तेही विचारले. माझी सख्खी बहीण त्या वास्तूत दहा तास कशी काढेल, हा प्रश्न मात्र माझ्या मनाला शिवला नाही. त्या रात्री बोलता बोलता आणखी एक गोष्ट उघड झाली. नोकरीच्या २८ वर्षांत ती सकाळी सहाला अर्धा कप चहा घेई आणि शाळा सुटून घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नसे. शाळेतील शौचालयाला तीन पायऱ्या होत्या. आम्ही एकाच घरात वाढलो, आणि हे मला इतक्या वर्षांनी कळले.

बंधू-भगिनींनो, असे पाणी तोडून बाहेर पडणारी ताई एकटी नाही. पाणी कमी घेतल्याने आणि लघवी तुंबवून ठेवल्याने संसर्ग होतो, मूतखडे होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. स्त्रियांना हा धोका अधिक. ज्यांच्या मणक्याला दुखापत झालेली असते, अशा अनेकांना दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. त्यासाठी स्वच्छ जागा लागते, हात धुवायला पाणी लागते, सामान ठेवायला हाताशी एखादी फळी लागते. ती न मिळाली तर तो माणूस घरापासून दोन-तीन तासांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. एसटी दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत देते. सवलत मोठी आहे. पण उतरल्यावर त्या स्थानकात जाण्यायोग्य जागा नसेल तर तो प्रवासी मुळात बसमध्ये चढतच नाही, आणि सवलतीचा पास कपाटात राहतो.

एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो. आता पोलिओ संपला. देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला. मग आता कितीशी माणसे उरली? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार विकलांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यानंतर २०१६ च्या कायद्याने विकलांगतेचे प्रकार ७ वरून २१ केले. पण आकडे बाजूला ठेवा. आपल्या तिवशाच्या अंगणातून नागपूर-अमरावती महामार्ग जातो. त्यावरच्या अपघातांत मणका मोडलेली तरणी पोरे कोणत्या गावात नाहीत? साखरेच्या आजाराने पाय कापावा लागलेले, अर्धांगवायूने एक अंग गेलेले, गुडघ्यांमुळे उकिडवे बसता न येणारे आजी-आजोबा कोणत्या घरात नाहीत? इथे बसलेल्यांपैकी प्रत्येकजण, आयुष्य लाभले तर, या रांगेत उभा राहणार आहे.

आता गाडगेबाबांकडे येतो. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आपल्याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या महापुरुषाचे चरित्र आपण खराटा आणि मडके एवढ्यापुरतेच लक्षात ठेवले. त्यांच्या सुरुवातीच्या एका कामाकडे पाहा. ऋणमोचनला पूर्णा नदीवर यात्रा भरते. नदीत उतरायला धड वाट नव्हती. चिखलातून घसरत, एकमेकांना धरत माणसे पाण्यापर्यंत जात. बाबांनी १९०८ मध्ये तेथे घाट बांधला. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. धर्मशाळा म्हणजे तरी काय? घरापासून दूर आलेल्या माणसाला पाठ टेकायला, पाणी प्यायला आणि देहधर्म उरकायला हक्काची जागा. बाबांच्या दशसूत्रीत अंध, पंगू आणि रोगी यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. राज्य शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचेच नाव दिले, आणि त्यातून गावोगाव शौचालये झाली हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यातील किती शौचालयांत पंगू माणूस पोहोचू शकतो, हे त्या अभियानात वावरलेल्या माझ्यासारख्याने कधी मोजले नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरी येथे, आपल्याच तालुक्यात आहे. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो, तो क्षण आपण सर्वांनी अनुभवला आहे. त्या समुदायातील पुष्कळ जण सकाळपासून बसलेले असतात. कौंडण्यपूरला कार्तिकात रुक्मिणीच्या माहेरी यात्रा भरते, तेव्हाही दूरदूरची माणसे वर्धेच्या काठी येतात. यात्रेचे नियोजन करणारे कार्यकर्ते इथे बसले आहेत. त्यांना माझा प्रश्न एवढाच, की नियोजनाच्या बैठकीत पाणी, वीज, वाहनतळ, महाप्रसाद यांच्यासाठी एकेक प्रमुख ठरतो, तसा या विषयाचा प्रमुख आजवर कधी ठरला का?

आणि घरचीच गोष्ट सांगतो. आपण सेवाकार्य म्हणून तीनचाकी सायकली आणि कुबड्या यांच्या वितरणाचे कार्यक्रम करतो. अशा एका कार्यक्रमात मीही स्वयंसेवक होतो. लाभार्थींना सकाळी नऊला बोलावले होते. पाहुणे साडेबाराला आले. भाषणे झाली, छायाचित्रे झाली, अडीच वाजता वाटप संपले. साडेपाच तास ज्यांना आम्ही मंडपात बसवून ठेवले, त्यांच्यातील एकालाही वापरता येईल असे शौचालय त्या आवारात नव्हते. कुणी तक्रार केली नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी आलेला माणूस तक्रार करीत नसतो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण कायदा नाही असे म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही. १९९५ साली संसदेने विकलांगांचा कायदा केला, तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारतींत उतरणी आणि व्हीलचेअरवरील व्यक्तीला वापरता येतील अशी शौचालये असावीत, हे त्यात स्पष्ट होते. फक्त ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी एक पळवाटही त्यात होती आणि आम्ही खात्यातली माणसे तिच्यातून वर्षानुवर्षे ये-जा करीत राहिलो. २०१५ च्या ३ डिसेंबरला केंद्राने सुगम्य भारत अभियान सुरू केले. त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले. शब्द बदलला हे चांगले झाले. दारांची रुंदी त्या वेगाने बदलली नाही. २०१६ च्या नव्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ च्या जूनमध्ये उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नियमांवर बोट ठेवले: कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम मात्र शिफारशीची. तीन महिन्यांत बंधनकारक मानके ठरवा, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला. २०२५ च्या जानेवारीत देशातील सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असाही आदेश झाला. न्यायमंदिरांनाही हे सांगावे लागले, यातच सर्व आले.

आता माझे स्वतःचे सांगतो. हे सांगावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी शाखा अभियंता असताना एका शासकीय इमारतीचे काम माझ्या देखरेखीखाली झाले. कोणती इमारत, ते सांगत नाही. नकाशात अपंगांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह होते. काम पूर्ण झाले, मी मोजमाप पुस्तिकेत नोंद केली, सही केली, देयक निघाले. निवृत्तीनंतर ताईच्या एका दाखल्यासाठी तिला घेऊन त्याच इमारतीत जाण्याचा योग आला. उतरणीवरून खुर्ची वर गेली. मला जरा अभिमानही वाटला. आत गेल्यावर ताईने विचारले, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने तिला त्या दाराशी नेले. दाराला कुलूप. चावी शिपायाकडे, आणि शिपाई टपाल द्यायला गेलेला. तासाभराने तो आला. दार उघडले तर आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या कागदांचे गठ्ठे. ते बाहेर काढून आत जायला गेलो, तर पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी चार इंचांचा उंबरा बांधलेला. कसाबसा तोही ओलांडला. खुर्ची आत गेल्यावर दार मिटेना, कारण ते आतल्या बाजूला उघडणारे. भिंतीवरील आधारदांडीवर ताईने भार टाकला आणि दांडी स्क्रूसकट तिच्या हातात आली.

त्या दांडीची नोंद माझ्या अक्षरात आहे. ‘एक नग, पुरविणे व बसविणे.’ नग एक होता, ही गोष्ट खरीच होती.

म्हणून आता मापे सांगतो. कंटाळा येईल, तरी ऐकून घ्या. उतरणीचे प्रमाण एकास बारा: जोते दीड फूट उंच असेल तर उतरण किमान १८ फूट लांब हवी. जागा वाचवायला पाच-सहा फुटांत संपवलेली उतरण ही घसरगुंडी असते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट. ही दार उघडल्यावर उरणारी वाट आहे, चौकटीचे बाहेरून माप नव्हे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत कुणी पडले तरी ते उघडता येते. आत खुर्ची वळायला १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा. कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे खुर्चीच्या आसनाच्या जवळपास तेवढीच, कारण माणसाला एकावरून दुसरीवर सरकायचे असते. त्यासाठी कमोडच्या एका अंगाला सुमारे तीन फूट जागा मोकळी लागते. आमचे गवंडी सुबक दिसावे म्हणून कमोड बरोबर भिंतीच्या मध्यावर बसवतात, आणि दोन्ही अंगांची जागा वाया जाते. आधारदांडी विटेच्या भिंतीत नुसत्या प्लास्टिकच्या गुल्ल्यावर टिकत नाही. तिला काँक्रीटचा ठोकळा घालून बोल्ट लावावा लागतो. मोठ्या माणसाने तिला लोंबकळून पाहावे.

काही गोष्टी पुस्तकी नकाशात ठळक दिसत नाहीत, पण आपल्याकडे त्या फार महत्त्वाच्या आहेत. आपण पाणी वापरणारी माणसे. तेव्हा नळ, मग आणि जेट बसल्या जागी हाताशी आले पाहिजेत. ते समोरच्या भिंतीवर असतील तर काय उपयोग? फरशी गुळगुळीत नको आणि ओली नको. कुबडीच्या रबराखाली पाणी आले की माणूस आपटतो. नळाला गोल फिरकी नको, दांडीचा नळ हवा. दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसांनी तेथे हातांनी कामे केली. ज्याच्या हाताला बोटे नाहीत, त्याला दांडीचा नळ मनगटानेही उघडता येतो. अंध व्यक्तीसाठी दाराशी हाताला लागेल असे उंचवट्याचे चिन्ह हवे. खर्च किती? एका कमानीला आणि रोषणाईला आपण जो करतो, त्याची आठवण करा.

आणखी एक. हे स्वच्छतागृह पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या विभागाच्या आत नको. त्याला बाहेरून स्वतंत्र दार हवे. एका आईचा मुलगा मतिमंद आहे, वय २२. मिसरूड फुटलेल्या मुलाला ती स्त्रियांच्या बाजूला नेऊ शकत नाही आणि स्वतः पुरुषांच्या बाजूला जाऊ शकत नाही. अर्धांगवायू झालेल्या पत्नीला घेऊन आलेल्या वृद्ध पतीचीही तीच कोंडी. या माउलीने मला सांगितले की मुलगा १२ वर्षांचा झाल्यापासून ती त्याला घेऊन परगावी गेलेली नाही.

कुलपाचा प्रश्न जगभर आहे, त्याचे उत्तर मात्र निराळे असू शकते. ब्रिटनमध्ये १९८१ पासून एक योजना चालते. अपंगांसाठीच्या हजारो स्वच्छतागृहांना एकाच प्रकारचे कुलूप असते आणि त्याची चावी अपंग व्यक्ती स्वतःच्या खिशात बाळगते. गैरवापर टळतो, आणि कुणाकडे मागायलाही जावे लागत नाही. आपल्याकडे चावी शिपायाकडे, पुजाऱ्याकडे, व्यवस्थापकाकडे, आणि तो जेवायला गेलेला. तिवसा आणि परिसरातील गावांपुरती एकाच चावीची कुलपे करणे हे एखाद्या लोहाराच्या आवाक्यातले काम आहे. मी तसे विचारूनही आलो आहे.

पैशाचे म्हणाल, तर ग्रामपंचायती आणि नगरपंचायती यांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची आहे. ग्रामसभेत तिचा हिशेब विचारता येतो. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुढे ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण शासन करील म्हणून हात बांधून बसणे हा आपला संस्कार नाही, आणि तक्रारअर्ज लिहून मोकळे होणे हाही नाही. आपल्या कार्यकर्त्यांचीच मंगल कार्यालये आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत, मंदिरांच्या विश्वस्त मंडळांवर आपली माणसे आहेत. तिथे कुणाच्या परवानगीची वाट पाहायची?

आज येथे येताना मी या सभागृहाचेही माप घेतले. प्रवेशद्वाराला उतरण आहे, चांगली आहे. मागच्या स्वच्छतागृहाचे दार ६८० मिलिमीटरचे आहे आणि आत दोन पायऱ्या आहेत. ताईला येथे यायचे होते. मी तिला माप सांगितले. ती घरी थांबली आहे.

अध्यक्षांनी मला वेळेची आठवण करून दिली आहे, तेव्हा कामाचे बोलून थांबतो. पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातील तीन ठिकाणांची पाहणी करून यावे: एक शाळा, एक देवस्थान आणि एक कार्यालय, दवाखाना किंवा बसथांबा. पाच गोष्टी टिपायच्या. उतरण किती लांब, दार किती रुंद, उंबरा आहे का, पाणी येते का, आणि चावी कुणाकडे आहे. शक्य असेल तर गावातील एका दिव्यांग व्यक्तीला बरोबर न्या. जे तुम्हा-आम्हाला दिसत नाही, ते तिला पहिल्या मिनिटात दिसते. नावे ठेवायला जाऊ नका, मोजायला जा. नोंदवही ताईने आखून दिली आहे. मोजपट्ट्या मागच्या टेबलावर आहेत. बाराच आहेत, तेव्हा एका गावाने एकच घ्यावी.